आईचा हिपॅटायटिस सी : निदान बदललं, आता तिला सांगू का नको?

निंबोणी | ४ ऑगस्ट २०२४, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा आणि तोही असला. चूकभूल सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची, कराडला एकटी राहते. मी पुण्यात. २०२० मध्ये सोनोग्राफीत तिला 'फॅटी लिव्हर' निघालं, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) जरासं वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, तेल-तूप कमी करा, चाला. आईने चार वर्षं इमानेइतबारे ते केलं. साईचं दही सोडलं, लाडू सोडले, रोज संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन यायची.

यंदा मे महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आधीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह. तिथल्या माणसाने भर रांगेत "या मावशींचं होणार नाही, यांना सी कावीळ आहे" असं ओरडून सांगत फाईल परत दिली. त्या दिवसापासून आई स्वतःचं ताट-वाटी वेगळं ठेवते.

मग एक डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलंय, १२ आठवडे गोळ्या की विषय संपला. आमचे पेढे वाटायचेच राहिले होते. दोन आठवड्यांनी दुसऱ्या, पोटाच्या डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) केला, १७.८ आला, म्हणजे बराच कडक. प्लेटलेट ९२ हजार, कमीच. म्हणाले, हे नुसतं फॅटी लिव्हर कधीच नव्हतं, सिरॉसिस आहे. आधी लिहिलेल्या गोळ्या रद्द. २४ जुलैपासून सोफोसबुविर-वेल्पाटासविर चालू आहे, रोज एक, ८४ दिवस. आज बारावी झाली.

माझी अडचण अशी की आईला मी हा शब्द सांगितलेला नाही. माझा मामा २००९ मध्ये सिरॉसिसनेच गेला, दारूने. त्याचं शेवटचं सगळं आईनेच काढलं. तिच्या लेखी तो शब्द म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे फाईल तिला वाचता येत नाही. मी "लिव्हरला सूज आहे" एवढंच सांगितलंय. ती मजेत आहे. मी नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नेटवर वाचत बसते आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट काहीतरी सापडतं.

असं निदान बदललेलं कुणी पाहिलंय का? उमेद कशी टिकवली? आणि सांगावं की नाही?

---

मोरपीस | ४ ऑगस्ट, रात्री ११:५८

काकूंना खूप शुभेच्छा. आणि तुम्ही आधी झोपा.

---

खारूताई | ५ ऑगस्ट, सकाळी ७:१२

सांगा. आजच सांगा.

आम्ही आमच्या आईला तिचं दुखणं सांगितलं नव्हतं. चौघं भावंडं, चौघांनी ठरवून. ती गेल्यावर किराणाची वही चाळताना मागच्या पानावर रोगाचं नाव दिसलं, तिच्या अक्षरात, चुकीच्या स्पेलिंगसकट. खाली तारीख. आम्हाला कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे सात महिने ती आमच्यासाठी नाटक करत होती आणि आम्ही तिच्यासाठी.

---

आबा_नगरकर | ५ ऑगस्ट, सकाळी ८:०३

खारूताईंचा मान राखून असहमत. आमच्या वडिलांना सांगितलं नव्हतं. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत मळ्यात जात होते, पाण्याच्या पाळीवरून भांडत होते. सांगितलं असतं तर खाटेवर पडले असते, हे मी लिहून देतो. माणूस माणूस बघून ठरवावं. सगळ्यांना एकच माप लावू नये.

---

पोटोबा | ५ ऑगस्ट, दुपारी २:३०

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, नाशिकला. आईंचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

तुमच्या आईंना दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांची एकच भीती करून ठेवली आहे. एक, विषाणू. दुसरी, विषाणूने इतकी वर्षं बसून यकृतावर पाडलेले व्रण. पहिलीवर आज इलाज आहे. सिरॉसिस असूनही, यकृत काम सांभाळून असेल तर, या गोळ्यांनी विषाणू जाण्याचं प्रमाण शेकडा नव्वदच्या वर आहे. दुसरी गोष्ट एका रात्रीत जात नाही. पण विषाणू गेला की व्रण वाढायचे थांबतात आणि बऱ्याच जणांत काही वर्षांत थोडे मऊही पडतात.

सिरॉसिसमध्येही दोन पायऱ्या आहेत. पहिलीत यकृताला व्रण असतात, पण ते आपलं काम उरकत असतं. दुसरीत पोटात पाणी होतं, रक्ताच्या उलट्या होतात, भ्रम होतो. तुम्ही रात्री दोन वाजता जे वाचता ते बहुतेक दुसऱ्या पायरीचं. आई रोज प्रीतिसंगमापर्यंत चालत जात असतील तर त्या पहिलीवर असाव्यात.

निदान बदललं म्हणून आधीचं सगळं खोटं होतं असंही नाही. सोनोग्राफीत चरबी आणि सुरुवातीचे व्रण यांची गल्लत होते. एसजीपीटी जरासंच वाढलेलं, बाई दारू न पिणारी, मग 'सी'ची तपासणी कुणाच्या मनात येत नाही. यायला हवी, हेही खरं.

आता कामाचे तीन प्रश्न. हिपॅटायटिस बी तपासलाय का? (सीच्या गोळ्यांनी झोपलेला बी उठू शकतो.) आई हृदयाचं, फिटचं किंवा टीबीचं औषध घेतात का? आणि आम्लपित्ताची गोळी?

---

निंबोणी | ५ ऑगस्ट, दुपारी ३:०५

पोटोबा, मनापासून आभार. बी निगेटिव्ह आहे. हृदय वगैरे काही नाही. पण आम्लपित्ताची गोळी ती गेली दहा वर्षं रोज सकाळी घेते!! पँटोप्राझोल. कोणी विचारलंच नाही, आम्ही सांगितलं नाही. चहा घेतल्यासारखी घेते, ते औषध आहे असं तिला वाटतच नाही.

---

पोटोबा | ५ ऑगस्ट, दुपारी ३:२०

घाबरू नका, पण आजच डॉक्टरांना फोन करा. वेल्पाटासविर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. ते कमी करणारी गोळी रोज घेतली की औषध कमी पडू शकतं. बंद करायची की वेळ बदलायची ते तेच सांगतील. आपल्या मनाने काहीच बंद करू नका. विषाणूची गोळी तर मुळीच नाही.

---

टवाळ_कार्टा | ५ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

आमच्या गावात काविळीसाठी डोक्याला माळ घालायचे. काड्यांची. ती रोज वाढत जाते आणि गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली. मला आठवीत घातली होती. मी बरा झालो. माळ अजून वाढतेय, हल्ली वडिलांच्या मोटारसायकलला बांधतो.

(हलके घ्या.)

---

शब्दवेडा | ५ ऑगस्ट, रात्री ९:१०

टवाळ, ती माळ वाढते कारण काड्या सुकून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात. आणि तुला झालेली कावीळ बहुधा 'ए' होती, ती आपोआपच जाते. श्रेय माळेला.

थोडं अवांतर, पण निंबोणी यांच्या कामाचं. 'सिरॉसिस' हा शब्द लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१९ मध्ये दिला. स्टेथोस्कोप शोधणारा तोच. व्रणांनी भरलेलं यकृत त्याला पिवळसर तपकिरी दिसलं, म्हणून त्या रंगाच्या 'किऱ्हॉस' या ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं. म्हणजे हे रंगाचं नाव आहे, दारूचं नाही. दारूशी त्याची सोयरीक आपल्या गल्लीने लावली.

गंमत बघा, मटणाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृत. कवितेत काळीज म्हणजे हृदय. एकाच शब्दाचे दोन अवयव. जुन्या लोकांना काळजी यकृतात राहते असं वाटत असेल तर ते अगदीच चुकले म्हणवत नाही.

---

वनौषधीप्रेमी | ५ ऑगस्ट, रात्री ११:५५

ॲलोपथीने लिव्हर अजून खराब होईल ताई. आमच्याकडे नाकात टाकायचं कडू दोडक्याचं औषध आहे, तीन थेंबांत सगळी घाण पिवळं पाणी होऊन बाहेर. सोबत गुळवेल काढा रोज. १००% हमी. नंबर व्यनित (खाजगी निरोपात) देतो.

---

पोटोबा | ६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ते पिवळं पाणी म्हणजे जळजळीने नाकातून गळणारा स्राव. यकृताचा आणि नाकाचा तसा काही रस्ता नाही. आणि गुळवेलीबद्दल : कोविडच्या काळात ती रोज घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. वाद चालू राहू दे. पण ज्या यकृताला आधीच सिरॉसिस आहे, त्याच्यावर प्रयोग नको. काढा नाही, 'लिव्हर टॉनिक' नाही.

---

संपादक मंडळ | ६ ऑगस्ट, सकाळी ९:००

औषधांची हमी आणि फोन नंबर देऊ नयेत. वरील सदस्याचे पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

---

जुनाखेळाडू | ६ ऑगस्ट, रात्री १०:१५

एरवी मी क्रिकेटच्या धाग्यांवर असतो. पण हा धागा माझाच आहे.

२००८. रक्तदान शिबिरात रक्त दिलं, आठवड्याने रक्तपेढीतून पत्र आलं, येऊन भेटा. हिपॅटायटिस सी, त्याच्या प्रकारांपैकी ३ नंबरचा. वय ३४, मुलगी दीड वर्षाची. तेव्हा या नव्या गोळ्या नव्हत्या, इंटरफेरॉन होतं. आठवड्याला एक इंजेक्शन पोटात, जोडीला रोज रिबाविरिन हे पोटात घ्यायचं औषध, २४ आठवडे. एका इंजेक्शनची किंमत माझ्या अर्ध्या पगाराएवढी. ते थंडच ठेवावं लागायचं, म्हणून दुकानातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणायचो. शुक्रवारी रात्री टोचायचो, कारण शनिवारी अंग तापाने फणफणायचं आणि रविवार जीव गोळा करण्यात जायचा. सोमवारी ऑफिस. केस गळले, हिमोग्लोबिन ९ वर आलं. सगळ्यांत वाईट म्हणजे मन. मुलगी जवळ आली तरी अंगावर काटा यायचा. ते औषधामुळे होतं हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. कोणी आधी सांगितलं असतं तर बायकोशी इतकी भांडणं झाली नसती.

संपलं तेव्हा रिपोर्ट निगेटिव्ह. सोसायटीत आइस्क्रीम वाटलं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तर विषाणू हजर.

त्यानंतरची सहा वर्षं मी काय केलं विचाराल तर काही नाही. वाट पाहिली. अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरात सोफोसबुविर आलं. एका गोळीचे हजार डॉलर, कोर्सचे ८४ हजार. ती बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला. पण २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतातल्या कंपन्यांना ते बनवायची परवानगी दिली आणि २०१५ मध्ये महिन्याची बाटली विसेक हजारांना माझ्या हातात होती. सोफोसबुविर आणि रिबाविरिन, २४ आठवडे. सुई नाही. गेला तो गेलाच. आता नऊ वर्षं झाली.

निंबोणी, उमेद कशी टिकवली म्हणालात. खरं सांगू? नव्हती टिकली. मधली दोन वर्षं तर डॉक्टरकडेही गेलो नाही. उमेद नसतानाही गोळी घेता येते, एवढंच माझ्या अनुभवातून सांगतो. गोळीला तुमचा मूड कळत नाही.

---

मोरपीस | ६ ऑगस्ट, रात्री १०:३१

"गोळीला तुमचा मूड कळत नाही." _/\_

---

मोगरा | ७ ऑगस्ट, दुपारी १:००

मी डायलिसिस विभागात सिस्टर आहे. ताट-वाटीचं वाचून राहवलं नाही. आईंना सांगा, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, पापा घेतल्याने हा पसरत नाही. रक्ताला रक्त लागलं तर पसरतो. तेव्हा वेगळं ठेवायचं ते नेलकटर, टूथब्रश, वस्तरा. ताट बिनधास्त एकत्र घासा.

आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन याच्यामुळे नाकारायचं कारण नाही. काळजी तर प्रत्येकच पेशंटला घ्यायची असते, ज्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे त्यालाही. रांगेत ओरडणाऱ्याला तेवढं शिकवायला हवं होतं. दुसरीकडे दाखवा.

औषधाच्या खर्चाचं काय करताय? २०१८ च्या २८ जुलैपासून केंद्राचा हिपॅटायटिस कार्यक्रम सुरू आहे. सरकारी उपचार केंद्रात तपासणीही फुकट आणि गोळ्याही फुकट. लोक पदरमोड करत बसतात म्हणून सांगितलं.

---

थंड_हवा | ७ ऑगस्ट, सायंकाळी ५:४०

आईंना हा आला कुठून, कळलं का? विचारते कारण मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते आणि इथे मे महिन्यातच त्यावरचा मोठा चौकशी अहवाल आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सरकारी आरोग्यसेवेतून दूषित रक्त आणि रक्तघटक दिले गेले, तीस हजारांहून जास्त लोकांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी झाला. माझ्या शेजारच्या आजी त्यांतल्याच. चाळीस वर्षं लोक त्यांना विचारायचे, "पूर्वी जास्त प्यायचात का?"

---

निंबोणी | ७ ऑगस्ट, रात्री १२:१०

हे लिहू की नको करत होते.

१९९१. माझा जन्म. सिझेरियन, रक्तस्राव थांबेना, आईला दोन बाटल्या रक्त चढवलं. दुसरं काही कारण सापडत नाही. टॅटू नाही, दुसरं ऑपरेशन नाही. म्हणजे ३३ वर्षं. मला नववीत गणिताचं बक्षीस मिळालं तेव्हा, बाबा गेले तेव्हा, माझ्या लग्नात, सगळ्यात तो तिथे होता. आणि त्या दोन बाटल्या माझ्यापायी.

पँटोप्राझोल डॉक्टरांनी बंद केलं. म्हणाले, बरं झालं विचारलंत. एंडोस्कोपी झाली, अन्ननलिकेतल्या शिरा थोड्या फुगल्यात, पहिल्या पायरीच्या. त्यावर एक गोळी दिली आहे.

---

पोटोबा | ८ ऑगस्ट, सकाळी ७:१५

हा विषाणू सापडलाच १९८९ मध्ये. तोवर त्याला धड नावही नव्हतं, 'ए नाही, बी नाही' असं म्हणायचे. (शोधणाऱ्यांना २०२० चं नोबेल मिळालं.) १९९१ मध्ये आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची नव्हती. बाटली देणाऱ्याला माहीत नव्हतं, चढवणाऱ्याला नव्हतं. आणि तुम्ही तर तेव्हा एक दिवसाच्या होतात.

तुम्ही स्वतः तपासून घ्या. धाकटं भावंड असेल तर त्यालाही. आईकडून बाळाला जायची शक्यता शंभरात पाचेक, पण तपासणी एका दिवसाची आहे.

सांगण्या-न-सांगण्याबद्दल मी आधी मुद्दाम गप्प होतो, तो घरचा प्रश्न आहे म्हणून. आता एक विचारतो. आईंचे गुडघे दुखतात का? दुखले की काय करतात?

---

निंबोणी | ८ ऑगस्ट, सकाळी ९:४०

मेडिकलमधून गोळी आणते. नाव माहीत नाही, "लाल पट्टीवाली" म्हणते.

---

पोटोबा | ८ ऑगस्ट, सकाळी ९:५२

तेच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या सिरॉसिसमध्ये चालत नाहीत. मूत्रपिंड आणि रक्तस्राव, दोन्हींचा धोका. "लिव्हरला सूज आहे" ऐकलेली बाई सूज उतरवायला आणखी एक घेईल. काळी शी झाली, पाय सुजले, दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग असं उलटं झालं, तर फोन करायचा असतो. हे कराडला एकटं राहणाऱ्या माणसाला माहीत नको?

---

आबा_नगरकर | ८ ऑगस्ट, दुपारी १२:२०

हा मुद्दा बिनतोड आहे. आमच्या वडिलांच्या दुखण्यावर काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. इथे आहे. मी माझं मत या धाग्यापुरतं मागे घेतो. या धाग्यापुरतंच.

---

टवाळ_कार्टा | ८ ऑगस्ट, दुपारी १२:२५

आबांनी मत मागे घेतलं! तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

---

निंबोणी | १९ ऑगस्ट, रात्री १०:००

राखीला भाऊ आला होता, दोघांनी तपासणी केली. दोघेही निगेटिव्ह.

आईला सांगायला बसले, सांगता आलं नाही. लाल पट्टीवाली गोळी मात्र कचऱ्यात टाकली आणि "या औषधाबरोबर चालत नाही" म्हटलं. अर्धवट खरं. २७ तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी रिपोर्ट बघून भुवईसुद्धा वर केली नाही.

---

खारूताई | १९ ऑगस्ट, रात्री १०:२२

डोळा बरा झाला की ती पहिलं काय वाचणार, याचा विचार केला आहेस का?

---

निंबोणी | १२ सप्टेंबर, रात्री ११:३०

खारूताई, तुमच्या तोंडात साखर पडो की काय म्हणू.

गौरींसाठी कराडला आले. परवा संध्याकाळी गौरी बसवून आवरत होते, आई सोफ्यावर चष्मा न लावता फाईल घेऊन बसलेली. एकेक कागद डोळ्यांपासून लांब धरून. उजव्या डोळ्याने आता तिला गल्लीतल्या पाटीवरचा फोन नंबरही दिसतो. मी हातात तेरड्याची रोपं घेऊन तशीच उभी.

"सिरॉसिस लिहिलंय गं," म्हणाली. "अण्णाला होता तोच ना?"

मी हो म्हटलं. मग सगळं सांगितलं, पोटोबांनी सांगितलं होतं तसं. विषाणू वेगळा, व्रण वेगळे. पायऱ्या दोन. शब्दवेडा, तुमचं रंगाचंही सांगितलं. ती ऐकत होती, मध्ये एकदा उठून गौरीसमोरचा दिवा सारखा करून आली. मला वाटलं आता रडेल.

"अण्णाने वीस वर्षं पिऊन जे कमावलं ते मला फुकटात मिळालं म्हणायचं." मग बराच वेळ गप्प. आणि एकदम भडकली. कशावर, तर दह्यावर. "मग मी चार वर्षं साय काढलेलं दही खाल्लं ते कशासाठी? कोणाच्या बापाचं नाव सांगून?" अर्धा तास तेच. फॅटी लिव्हर सांगणाऱ्या डॉक्टरांचा असा उद्धार केला की मी दार लावून घेतलं, घरी पाहुण्या बायका येत होत्या.

त्या दोन बाटल्यांबद्दल मी बोलले. हे बोलायला मला ३३ वर्षं नाही, पण ३३ दिवस नक्की लागले. ती म्हणाली, "त्या नसत्या तर तू सावत्र आईच्या हातचं जेवली असतीस. पुरणाला हात लाव आता."

आज ५१वी गोळी. मी रोज रात्री फोन करून "घेतलीस का" विचारायचे. आता कळलं की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली रोज बारीक 'गो' लिहिते. पेन्सिलने. तेही पहिल्या दिवसापासून, धड दिसत नव्हतं तेव्हापासून. जुलै-ऑगस्टचे काही 'गो' शेजारच्या चौकोनात गेलेत. एकही चुकलेला नाही. मी रात्री दोनपर्यंत जागत होते ते नक्की कोणासाठी, असा प्रश्न पडला.

---

जुनाखेळाडू | १२ सप्टेंबर, रात्री ११:४८

आईंना दंडवत. दह्यावरचा राग अगदी बरोबर आहे. मी इंटरफेरॉनच्या त्या सहा महिन्यांबद्दल कोणावरच चिडलो नाही आणि ते आतल्या आत सडत राहिलं.

---

मोगरा | १३ सप्टेंबर, सकाळी ६:३०

पोटोबा, साईचं दही आता चालेल का, तेवढं सांगून टाका. काकूंच्या वतीने विचारते.

---

पोटोबा | १३ सप्टेंबर, दुपारी १:४५

वजन आटोक्यात असेल तर वाटीभर दह्याने काही बिघडत नाही. उलट सिरॉसिसमध्ये प्रथिनं पोटात जायलाच हवीत. डाळ, दही, अंडी, आणि रात्री झोपण्याआधी काहीतरी थोडं खावं, फार वेळ उपाशी राहू नये. एकादशी-दुप्पट-खाशी चालेल, निरंकार उपास नको. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची घ्या, यकृताला ती मानवते असं दिसलं आहे. दारूचा प्रश्न नाहीच.

---

शब्दवेडा | १३ सप्टेंबर, दुपारी २:१०

एका धाग्यात कलेजी, गौरी, ग्रीक आणि दही. इथेच होऊ शकतं.

---

निंबोणी | २१ ऑक्टोबर, रात्री ९:०५

१५ तारखेला शेवटची, चौऱ्याऐंशीवी गोळी झाली. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, आज रिपोर्ट आला. विषाणू सापडला नाही. एसजीपीटी २६. आईने कागद स्वतः वाचला, दोनदा.

पेढे आणू का विचारलं तर म्हणाली थांब.

---

मोरपीस | २१ ऑक्टोबर, रात्री ९:०७

वाह!! अभिनंदन काकू!

---

जुनाखेळाडू | २१ ऑक्टोबर, रात्री ९:४०

अभिनंदन. आणि आईंचं 'थांब' मला फार आवडलं. मी आइस्क्रीम वाटून बसलो होतो.

---

पोटोबा | २१ ऑक्टोबर, रात्री १०:३०

छान बातमी. आता गोळ्या संपल्यापासून १२ आठवड्यांनी पुन्हा तीच तपासणी. त्यातही सापडला नाही की बरा झाला असं आम्ही म्हणतो. त्यानंतर तो परतणं फारच क्वचित. जुनाखेळाडूंच्या वेळची औषधं वेगळी होती, त्यांच्यावरून घाबरू नका.

दोन गोष्टी फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. अँटिबॉडीची तपासणी (शरीर कधीतरी या विषाणूशी लढल्याची खूण) आयुष्यभर पॉझिटिव्हच येणार. डाव्या डोळ्याच्या वेळी पुन्हा कोणी रांगेत ओरडलं तर विषाणूची तपासणी दाखवायची. आणि सिरॉसिस आहे म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, विषाणू गेल्यावरही. यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. तपासत राहिलं तर लहान असतानाच सापडतो.

---

आबा_नगरकर | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

हे शेवटचं वाक्य आईंना सांगितलंत का?

---

निंबोणी | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

आबा, तिनेच वाचलं. हल्ली हा धागा मोबाइलवर तीच आधी वाचते, अक्षर मोठं करून. टवाळ यांची माळ तिला फार आवडली. तिच्या लहानपणी तळहाताला चुना लावून कावीळ उतरवायचे म्हणे, पाणी पिवळं व्हायचं. सोनोग्राफी दर एप्रिल आणि ऑक्टोबरला, हेही तिनेच ठरवलं. एप्रिलमध्ये आंबे आणि ऑक्टोबरमध्ये दिवाळी, म्हणजे मला यावंच लागेल.

पुढची तपासणी ७ जानेवारीला. भिंतीवरच्या कॅलेंडरात जानेवारी नाही, म्हणून काल मला नवीन घेऊन यायला सांगितलंय. अजून बाजारात आलं नसेल म्हटलं तर म्हणे, दुकानात जाऊन विचार तरी.

---

टवाळ_कार्टा | २२ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

काकू, नमस्कार! माळ हवी असेल तर मोटारसायकलवरून सोडून देतो.

७ जानेवारीला हा धागा मी वर काढतो.